पन्नाशीच्या उंबरठ्यावर सनद : नोकरीतून वकिलीत येणाऱ्यांसाठी

बँकेत, कारखान्यात, महसूल खात्यात किंवा शाळेत वीस-पंचवीस वर्षं काढलेली माणसं एलएलबी करून वकिलीत उतरतात, तेव्हा त्यांचा सगळा विचार बहुधा पदवीभोवती फिरत असतो : प्रवेश मिळेल का, अभ्यास झेपेल का, या वयात वर्गात बसायचं कसं. ती तीन वर्षं निभावून जातात. खरी ओढाताण सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, हातात पडल्यावरच्या दोन-अडीच वर्षांत होते, कारण काम भरपूर असतं आणि पैसा जवळपास नसतो. म्हणून आखणी उलट्या टोकापासून करावी. आधी त्या अडीच वर्षांचा खर्च, मग कोणत्या प्रकारची वकिली, आणि शेवटी महाविद्यालय.

वयाची भीती आधी काढून टाकू. तीन वर्षांच्या एलएलबीच्या राज्य सीईटीला कमाल वयाची अट नाही. सनदेलाही नाही. ४५ वर्षांवरील व्यक्तीची वकील म्हणून नोंदणी करायची नाही, असा नियम वकिलांचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने एकेकाळी केला होता; सर्वोच्च न्यायालयाने तो १९९५ साली रद्द केला. वयामुळे बंद होणारी दारं वेगळी आहेत. कनिष्ठ स्तर न्यायाधीशाच्या परीक्षेला वयाची अट असते, ती बहुतेकांच्या हातून गेलेली असते. ‘पुढे नोटरी होईन’ हा बेतही तपासून घ्या. नोटरीसाठी किमान दहा वर्षांची वकिली लागते. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीयांना सात वर्षं. चोपन्नाव्या वर्षी सनद घेणारा चौसष्टाव्या वर्षी अर्ज करणार. त्या भरवशावर आज नोकरी सोडू नये.

पैशाचा हिशेब

घराचा सरासरी मासिक खर्च काढा, आणि तो अंदाजाने नको, मागच्या बारा महिन्यांच्या बँक पासबुकावरून काढा. त्यातून नोकरी सुटल्यावरही येत राहणारं उत्पन्न वजा करा : पेन्शन, घरभाडं, जोडीदाराचा पगार. उरलेल्या आकड्याला तीसने गुणा. समजा खर्च ३५,००० आणि येणारं उत्पन्न १५,०००. तूट २०,००० म्हणजे तीस महिन्यांचे ६ लाख. एवढी रक्कम मुदत ठेवीत किंवा तशाच सुरक्षित ठिकाणी, सहज मोडता येईल अशी बाजूला हवी. मुलांचं शिक्षण आणि लग्न यांसाठीचा पैसा यात धरायचा नाही.

ज्युनियरला, म्हणजे नव्या वकिलाला, ज्याच्या हाताखाली तो शिकतो त्या सिनियरकडून काय मिळतं? शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये केली. ती शिफारस आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या ठिकाणी पेट्रोलपाणी सुटलं तरी पुष्कळ झालं, असं धरून चाला. मिळालं तर वरकमाई.

नोकरी सोडण्याआधी दोन कामं उरका. पहिलं आरोग्य विम्याचं. कंपनीचा गट विमा राजीनाम्यासोबत संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत सलगता राखून जाता येतं का, हे नोकरीत असतानाच विचारा. कोरी पॉलिसी घेतली तर आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि पन्नाशीत मधुमेह-रक्तदाब नसलेली माणसं थोडी. दुसरं पीएफचं. दहा वर्षांची पेन्शनपात्र सेवा झाली असेल तर ५८व्या वर्षापासून पेन्शन बसते. पन्नाशीनंतर आधीही घेता येते, पण जितकी वर्षं लवकर तितके दरवर्षी ४ टक्के कमी, तेही कायमचे. ज्युनियरशिपच्या चणचणीत ही लवकरची पेन्शन सुरू करण्याचा मोह होतो. तो टाळण्यासाठीच वरची तीस महिन्यांची तरतूद करायची आहे.

पात्रता आणि कागद

कोणत्याही शाखेची पदवी चालते. खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, इतर मागासवर्गाला ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. यात एक खड्डा आहे आणि मोठ्या वयाचे उमेदवार नेमके त्यात पडतात. बारावी न करता पूर्वतयारीची परीक्षा देऊन मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांची संख्या महाराष्ट्रात मोठी आहे. दहावी, बारावी, पदवी ही साखळी अखंड नसेल तर कायद्याच्या पदवीला ती पदवी धरत नाहीत. बारावी होऊन मग मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल तर अडचण नाही. ही शंका सीईटीचा अर्ज भरण्यापूर्वी मिटवा. तीन वर्षं शिकून सनदेच्या खिडकीवर ती कळली तर उपाय उरत नाही.

कागद सहा महिने आधी गोळा करायला घ्या :

– दहावी, बारावीच्या आणि पदवीच्या प्रत्येक वर्षाच्या गुणपत्रिका. फक्त शेवटच्या वर्षाची चालत नाही.
– पदवी प्रमाणपत्र, महाविद्यालय सोडल्याचा दाखला, विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशन प्रमाणपत्र.
– अधिवास प्रमाणपत्र. आरक्षणातून अर्ज असेल तर जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि लागू असेल तिथे नॉन-क्रीमीलेअर.
– शिक्षणातल्या खंडाबद्दलचं प्रतिज्ञापत्र, ज्याला सगळे गॅप सर्टिफिकेट म्हणतात.

१९९० च्या आसपासची एखादी गुणपत्रिका हरवलेली असतेच. विद्यापीठाकडून दुय्यम प्रत यायला महिने लागू शकतात. विवाहित महिलांच्या बाबतीत गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि कुठे मधल्या नावाचं स्पेलिंग वेगळं. विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद आधीच काढून ठेवा आणि पुढचे सगळे अर्ज एकाच नावाने भरा. सनदेवर जे नाव येतं तेच वकीलपत्रावर आयुष्यभर लिहायचं असतं.

सीईटीचे चार भाग असतात : कायद्याचा कल, सामान्यज्ञान व चालू घडामोडी, तर्क, इंग्रजी. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. संगणकावर परीक्षा द्यायची सवय नसलेल्यांनी किमान दहा सराव चाचण्या घड्याळ लावून सोडवाव्यात. ज्ञान असूनही वेळ संपतो, हीच यातली नेहमीची चूक.

नोकरी सांभाळून एलएलबी

करता येते, पण ‘हजेरीचं बघून घेऊ’ म्हणणाऱ्या महाविद्यालयाच्या भरवशावर नाही. प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी लागते. अपवादात्मक कारणासाठी ६५ पर्यंत सूट मिळू शकते. तास सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच घेता येतात, त्यामुळे जुन्या अर्थाचं रात्रीचं कॉलेज आता नाही. सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकाने बार कौन्सिलने बायोमेट्रिक हजेरी, नोकरीची माहिती आणि नोकरी असल्यास मालकाचं ना-हरकत पत्र या गोष्टी मागितल्या आहेत. नोकरी लपवून काढलेली हजेरी उद्या पदवीलाच धोका ठरते. सरळ मार्ग तीन : सकाळच्या सत्राचं महाविद्यालय आणि दुपारपाळीची नोकरी, मालकाचं लेखी ना-हरकत पत्र, किंवा शेवटच्या दोन-तीन वर्षांतली साठलेली रजा नीट आखून वापरणं. या काळात दुसरी नियमित पदवीही शिकता येत नाही. सोबत एमए चालू असेल तर आधी ते संपवा.

प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयाची बार कौन्सिलची मान्यता त्या वर्षापुरती चालू आहे का, हे पाहा. पत्राने किंवा दूरशिक्षणाने मिळवलेल्या एलएलबीवर सनद मिळत नाही, जाहिरात काहीही म्हणो.

अभ्यासात मोठ्या माणसांची अडचण समजण्याची नसते, लिहिण्याची असते. वीस वर्षं कीबोर्डवर काढलेला हात तीन तास पेन धरू शकत नाही. पहिल्या सत्रापासून रोज दोन पानं, वीस मिनिटांत, हाताने लिहा. राज्यातल्या अनेक विद्यापीठांत उत्तरं मराठीतून लिहिता येतात. तालुका-जिल्हा न्यायालयात काम करायचं असेल तर ती उत्तम निवड आहे. मात्र मूळ कायदा इंग्रजीतूनही वाचत चला, कारण उच्च न्यायालयाचे निवाडे इंग्रजीत येतात. जुनी पुस्तकं कोणी फुकट दिली तरी फौजदारीची घेऊ नका. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम आले आहेत. त्याआधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्या कलमांवर चालतात, म्हणून पाठांतर नव्याचं आणि तुलनेचा तक्ता दोन्हींचा, असं ठेवा.

अभ्यासक्रमातच बारा आठवड्यांची इंटर्नशिप आणि एक दिवाणी व एक फौजदारी खटला प्रत्यक्ष पाहण्याचं काम आहे. पुष्कळजण जर्नल, म्हणजे या कामाची नोंदवही, एकमेकांचं पाहून उतरवून काढतात. तुम्ही उतरवू नका. नोकरदार माणसाला न्यायालयाचा रोजचा कारभार पगार चालू असताना पाहायला मिळण्याची ही एकमेव संधी आहे. दहा दिवस कोर्टात बसून हे काम आपल्याला आवडत नाही असं कळलं, तर तेही तीस महिन्यांची तूट सोसण्यापूर्वी कळलेलं बरं.

राजीनामा आणि सनद

पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र करता येत नाही. स्वतःच्या नावावरचा धंदा स्वतः चालवत वकिलीही करता येत नाही; निष्क्रिय भागीदार असणं चालतं. पेन्शन हा पगार नव्हे, तिची अडचण नाही. म्हणून क्रम असा : अंतिम निकाल, राजीनामा किंवा निवृत्ती, कार्यमुक्तीचं पत्र, आणि मग महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे अर्ज. दुकान असेल तर ते आधी मुलाच्या किंवा जोडीदाराच्या नावावर करून व्यवहारही खरोखर त्यांच्याकडे द्या. कधीही कुठला गुन्हा नोंद झाला असेल, अगदी भावकीतल्या भांडणाचा असला तरी, अर्जात तो लिहा. साध्या गुन्ह्यापेक्षा तो लपवणं महागात पडतं.

नोंदणी शुल्काबाबत जुन्या ऐकीव आकड्यांवर जाऊ नका. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांहून, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत १२५ रुपयांहून, अधिक नोंदणी शुल्क घेता येणार नाही. मुद्रांक शुल्क वेगळं.

त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा. शंभर प्रश्न, तीन तास, मराठीतूनही देता येते. उत्तीर्ण होण्यासाठी ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४०. टिपा नसलेली कायद्याची पुस्तकं सोबत नेता येतात, आणि म्हणूनच लोक गाफील राहतात. पुस्तक उघडून शोधायला एका प्रश्नाला चार मिनिटं लागली तर निम्माच पेपर होतो. दिवाणी प्रक्रिया संहिता, नागरिक सुरक्षा संहिता, साक्ष अधिनियम आणि संविधान यांची अनुक्रमणिका हाताखालची झाली पाहिजे. सनदेपासून दोन वर्षांत ही परीक्षा पास व्हावी लागते.

कुठली वकिली, कोणाकडे

इथे तुमचं वय पहिल्यांदा भांडवल म्हणून उभं राहतं, पण फक्त जुन्या कामाच्या जवळपास राहिलात तर. बँकेतून आलेल्याला चेक बाउन्सच्या तक्रारी आणि कर्जवसुली न्यायाधिकरणाचं काम लवकर जमतं. तलाठी किंवा तहसील कार्यालयातून आलेल्याला सातबारा आणि फेरफार वाचता येतो, जे पंचविशीतल्या हुशार वकिलालाही चटकन जमत नाही. प्रांत आणि अपर जिल्हाधिकाऱ्यांपुढची महसुली अपिलं हे त्याचं घर. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ खाली जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर अपिलाची मुदत ६० दिवस असते, हे त्याला आधीच ठाऊक असतं. विमा कंपनीतून आलेल्यांनी मोटार अपघात दावे पाहावेत, मनुष्यबळ विभागातल्यांनी कामगार न्यायालय, सोसायटीचे हिशेब सांभाळलेल्यांनी सहकार न्यायालय, बांधकामातल्या अभियंत्यांनी महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या तक्रारी पाहणारं प्राधिकरण. मात्र ज्या फाइलवर नोकरीत असताना तुमची सही झाली आहे, त्या प्रकरणात वकीलपत्र घेऊ नये. तिथे तुम्ही उद्या साक्षीदार होऊ शकता.

सिनियर निवडताना नावापेक्षा तीन गोष्टी पाहा. त्यांच्याकडे पुरावा नोंदवण्याच्या टप्प्यावरची कामं किती आहेत? ज्युनियरला मसुदा लिहू देतात का, आणि लिहिलेला तपासून देतात का? आणि तुमच्या निवडलेल्या विषयाचं काम आहे का? सिनियर वयाने दहा-बारा वर्षांनी लहान असणार, हे मनाशी आधीच पक्कं करा. त्यांना ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणायचं, फाइल आपण उचलायची, नक्कल अर्ज घेऊन खिडकीशी आपण उभं राहायचं. आधी शाखाधिकारी असलेल्या माणसाला हे जड जातं, आणि आमच्या मते पदवी मिळवून वकिली सोडणाऱ्यांचं मोठं कारण पैशाइतकंच हेही आहे.

आणखी एक धोका फक्त मोठ्या वयाच्या ज्युनियरला असतो. डोक्यावरचे पांढरे केस पाहून पक्षकार समजतात की साहेबांना तीस वर्षांचा अनुभव आहे. बार रूमच्या पायरीवर कोणी फाइल पुढे केली की नाही म्हणवत नाही. पहिली दोन वर्षं सरळ सांगा, ‘मी सध्या अमुक साहेबांकडे काम पाहतो, त्यांच्याशी बोलू.’ विश्वास उडत नाही, वाढतो.

रोजच्या कामाची घडी

आदल्या संध्याकाळी ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर दुसऱ्या दिवसाचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, पाहा. प्रत्येक प्रकरणाचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक (त्या प्रकरणाची कायमची ओळख) डायरीत लिहून ठेवा. फाइल हाती आली की सुरुवात रोजनाम्यापासून, म्हणजे प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदीपासून करा, दाव्यापासून नाही. मागच्या तारखेला काय झालं आणि आज कशासाठी नेमलं आहे हे तिथेच कळतं. मग दावा, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), मुद्दे, निशाण्या (फाइलमधल्या कागदांना दिलेले क्रमांक). आपल्याकडे दावा निशाणी १ असतो आणि तूर्तातूर्त मनाईचा अर्ज निशाणी ५. ‘पाचवर युक्तिवाद आहे’ असं कोणी म्हटलं तर त्याचा अर्थ हा. वकीलपत्र दाखल करताना कोर्ट फी आणि वकील कल्याण निधीचं तिकीट दोन्ही लावलं आहे ना, हे पाहा.

पुकारा झाला आणि कोणी उभं राहिलं नाही, तर वादीचा दावा गैरहजेरीत निकाली निघू शकतो. तो परत फायलीवर घेण्याच्या अर्जाला ३० दिवस असतात. दिवाणी दाव्यात कैफियत समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत द्यायची, न्यायालय कारणं नोंदवून ९० पर्यंत वाढवू शकतं. व्यावसायिक दाव्यात १२० दिवसांनंतर दारच बंद.

मुदत मोजणं हे ज्युनियरचं पहिलं खरं काम, म्हणून चेक बाउन्सचं एक गणित पूर्ण सोडवून पाहू. बँकेचा चेक परतीचा मेमो ३ जूनला मिळाला. तो दिवस सोडून तीस दिवस मोजा : मागणीची नोटीस ३ जुलैपर्यंत रवाना झाली पाहिजे. समोरच्याला ती १० जुलैला मिळाली. पैसे द्यायला त्याला पंधरा दिवस, म्हणजे २५ जुलैपर्यंत. २६ जुलैला तक्रारीचं कारण घडलं, आणि तिथून एक महिना, म्हणजे २६ ऑगस्टपर्यंत तक्रार दाखल करायची. चुका दोन प्रकारच्या होतात. पक्षकाराच्या घाईमुळे २५ जुलैच्या आतच तक्रार घातली तर ती मुदतपूर्व ठरते आणि न्यायालय तिची दखल घेऊ शकत नाही. उलट, नोटीस पाठवल्याच्या तारखेपासून मोजलं तर सगळ्याच तारखा सरकतात. म्हणून नोटीस मिळाल्याची पोस्टाची पोच किंवा ट्रॅकिंगची छापील प्रत त्याच दिवशी काढून फाइलला लावा, नंतर ती संकेतस्थळावर मिळेलच असं नाही. डायरीत २६ ऑगस्टऐवजी १८ ऑगस्ट लिहा. मधे गणपती, जोडून सुट्ट्या, ई-फायलिंगचा अडलेला सर्व्हर आणि सहीला न येणारा पक्षकार, एवढ्यासाठी आठ दिवस लागतातच.

स्वतःचं पहिलं वकीलपत्र साधारण दुसऱ्या वर्षात येतं, बहुतेक वेळा जुन्या कचेरीतल्या ओळखीतून. फी ठरवताना टप्प्याटप्प्याने ठरवा : नोटिशीची, दाखल करण्याची, पुराव्याची, युक्तिवादाची. ओळखीच्या माणसालाही पावती द्या, आणि मूळ कागद घेतले तर त्याची यादी दोघांच्या सहीने करा. तीन वर्षं पूर्ण झाली की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलसाठी अर्ज करता येतो. मानधन थोडं असतं, पण तिथे उलटतपासणी स्वतः घ्यायला मिळते, आणि सिनियरच्या मागे बसून ती कधीच शिकता येत नाही.